जाड सुरळी

बसा हो. घाईत असाल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट उभ्या-उभ्या ऐकायची नाय. हिच्यात खून नाय, भूत नाय, पळून गेलेली पोरगी नाय. एक बाई हाय, एक स्टीलचा डबा हाय, आन् सकाळी आठपासून शिफ्ट सुटेपर्यंतचा वेळ हाय. तेवढ्या वेळात त्या बाईच्या मनात काय काय उलथापालथ झाली ती मी सांगणार. बाहेरून बघाल तर ती नुसती मशीनवर बसून तार गुंडाळत होती.

ब्याऐंशी साल सरून त्र्याऐंशी लागलेलं, थंडी अजून गेली नव्हती. अंबडला कारखाने तवा नवे होते, रस्ते मातीचे आन् गेटं मात्र रंगवलेली. त्यातल्या एका कारखान्यात ट्यूबलाइटचे चोक बनायचे. चोकाच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असती, तिला कॉइल म्हणतात, आन् ती गुंडाळायला बारा बाया होत्या. त्यातली एक चांगुणा पगारे. येवल्याकडची, बौद्ध, सहावी शिकलेली, सिडकोत एका खोलीचं घर. तिचा नवरा लहानू त्याच कारखान्यात पॅकिंगला. त्या दिवशी ती दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून गेटात शिरली, तर मागून भागीबाईनं गाठलं. भागीबाई सटाण्याची, नाशकात दहा वर्षं काढली तरी बोली सुटली नव्हती. "काय शे वं एवढा मोठा डबामा?" चांगुणा हसली. "सुरळ्या." भागीबाई चालता चालता थांबली. "सुरळ्या? कागदनी सुरळी डबामा कोन आनस वं?" चांगुणा म्हणाली, "कसला कागद?" "अंथराना! पंगतले. गायधनीबाईनी तुले सांगेल शे ना, लहानूभाऊकडून पॅकिंगना खाकी कागद आनाले?" बस. एवढंच. भागीबाई पुढं कार्ड पंच करायला गेली, आन् चांगुणा तिथंच उभी राहिली. डब्याचं झाकण गार होतं, ते तिला स्वेटरमधून छातीला लागलं.

आता हे नीट ध्यानात घ्या. त्या दिवशी सुधाचं केळवण होतं. सुधा म्हणजे खात्यातली सगळ्यात लहान पोरगी, आठ दिवसांवर लग्न आलेलं. लग्नाआधी पोरीला बोलावून जेवू घालायचं ते केळवण. बायांनी ठरवलं की जेवणाच्या सुट्टीत खात्यातच अंगतपंगत करायची, प्रत्येकीनं घरून एकेक जिन्नस आणायचा. कुणी काय आणायचं ते गायधनीबाईंनी ठरवलं. इंदिरा गायधनी, पंचवटीतल्या, खात्यात सगळ्यात जुन्या. सुधाचं स्थळबी त्यांच्याच नात्यातलं, त्यांनीच जमवलेलं. चार दिवसांपूर्वी, बारा मशीनांच्या घरघरीत, त्या चांगुणाच्या कानाशी वाकून म्हणाल्या होत्या, "चांगुणा, सुरळी तुझ्याकडे हं. चांगली जाड आण. सगळ्यांना पुरली पाहिजे. आणि घट्ट गुंडाळून आण, वाटेत सुटली तर सगळा चुरगाळा होतो. लहानूला सांग म्हणजे अडचण नको." मशीन बंद न करता चांगुणानं मान हलवली. तिच्या माहेरी गुंडाळलेल्या पोळीला सुरळी म्हणतात. दुसरी सुरळी तिच्या डोक्यातच आली नाय. जाड म्हणजे आत सारण भरपूर. घट्ट म्हणजे घट्ट. आन् लहानूला सांग म्हणजे, पहाटे उठून एवढा घाट घालायचा तर नवऱ्याला आधी सांगून ठेव, घरात कुरकुर नको. प्रत्येक शब्द किल्लीसारखा बसला. मशीनवर बसल्या बसल्या तिला आता तो एकेक शब्द उलटा फिरवून बघावासा वाटत होता, आन् फिरवला की दुसऱ्या कुलपातबी तो तितकाच नीट बसत होता. जाड कागद. घट्ट गुंडाळलेला कागद. लहानूच्या पॅकिंगमधला कागद. येडी की काय मी, ती मनात म्हणाली, येडी की काय. पायाखालचं पॅडल दाबलं, तार पळायला लागली, काउंटरवरचे आकडे पळायला लागले. डबा बेंचाखाली होता, तिच्या डाव्या पायाला टेकलेला.

हे चुकणं साधं नव्हतं. चार वर्षं ती त्या खात्यात होती. चार वर्षांत कुणी तिला वाकडं बोललं नव्हतं, हे खरं सांगायला पायजे. जेवायला सगळ्या एकत्रच बसायच्या, तीबी बसायची, गायधनीबाई तिच्या मुलाला ताप आला तर घरची औषधाची बाटली आणून द्यायच्या. पण तिला कुणी कधी शिजवलेलं आण म्हणालं नव्हतं. दसऱ्याला सगळ्यांनी काय काय आणलं, चांगुणाकडं केळी. एकीच्या पोराचं बारसं, चांगुणाकडं पत्रावळी. मकर संक्रांतीला बोरं, हरभऱ्याचे घाटे. एकदा लिंबं. सालीतलं, टरफलातलं, दुकानातलं. आन् जेवताना सगळ्यांचे हात सगळ्यांच्या डब्यात फिरायचे, "बघू गं तुझी भाजी", पण तिच्या डब्याशी आले की हात वळण घ्यायचे, जसं पाणी दगडाला वळसा घालून जातं, दगडाला कळतंबी नाय आन् कळतंबी. बोट ठेवायला जागा नाय. तक्रार करायची तर कशाची करणार? कुणी माझी भाजी खाल्ली नाय म्हणून? हसतील. म्हणून त्या दिवशी कानाशी "सुरळी तुझ्याकडे" ऐकलं तवा तिच्या हातातली तार तुटली होती. आख्खी कॉइल रिजेक्ट गेली आन् तिला त्याचं वाईट वाटलं नाय. घरी जाऊन लहानूला म्हणाली, "मला करायला सांगितलंय. माझ्या हातचं." लहानू बनेल काढता काढता थांबला. "कोण, गायधनीबाई म्हणाली?" "हां." "स्वतः?" "मग काय तिच्या भुतानं?" दुसऱ्या दिवशी लहानू न सांगता दोन लिटर दूध घेऊन आला.

दही रात्रीच फडक्यात टांगलं होतं, सकाळपर्यंत त्याचा घट्ट चक्का झाला. पहाटे पाचाला उठून तिनं कणीक दुधात भिजवली, तेलाचा हात लावून झाकून ठेवली. पोळ्या पातळ लाटल्या, तव्यावर डाग पडू दिले नायत, डाग पडला की पोळी कडक होती आन् गुंडाळताना तडकती. ओल्या फडक्याखाली एकावर एक रचल्या आन् गार होऊ दिल्या. हेच खरं काम हाय, गार होऊ देणं. कोमट पोळीवर सारण लावलं की तिला घाम सुटतो आन् जेवणाच्या वेळेला सगळा लगदा. चक्क्यात लसूण-शेंगदाण्याची चटणी कालवली, ती पोळीवर कडेपर्यंत सारवली, वर गाजराचा कीस, पिळून काढलेली काकडी, कोथिंबीर. मग गुंडाळायचं. इथं तिच्या बोटांना शिकवायला लागलं नाय. दिवसाला शेकड्यानं कॉइल गुंडाळणारी बोटं ती, कुठं ओढ द्यायची, कुठं सैल सोडायचं हे त्यांना झोपेतबी माहीत. पोळी फिरली, पोटात पोकळी न ठेवता. ओल्या फडक्यात बांधून तासभर वर पाट ठेवला. आन् सुरीनं नाय कापायचं, सुरी दाबती. शिवणाचा दोरा खालून घालायचा, वर फुली करून ओढायचा, तुकडा आपसूक सुटतो. पंधरा पोळ्यांचे तुकडे डब्यात उभे रचले तर वरून प्रत्येकात वेटोळं दिसत होतं, पांढरं, केशरी, हिरवं. लहानू दोन कडेचे तुकडे खाऊन म्हणाला, "हे कुणी हॉटेलात बी देत नसंल." पोरगं झोपेत होतं. तिनं झाकण लावलं आन् त्या झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली, उगाच.

आता तोच डबा पायाला लागत होता आन् तिला वाटत होतं त्याच्यातून वास येतोय. लसणाचा. कॉइलला लावायच्या व्हार्निशच्या वासातबी लसूण कळतो. तिनं पायानं डबा आणखी आत सरकवला. सुरळी. तिच्या आईच्या तोंडचा शब्द तो. तिची आई रंगूबाई कांदे काढायला जायची, पोरांना घेऊन. घरात गहू असला तर पोळी, चटणी-तेल लावून गुंडाळलेली, प्रत्येकाच्या हातात एक. दुपारी शेतमालकाच्या घरची माणसं ओट्यावर ताटं घेऊन बसायची आन् ही मायलेकरं बांधावर, उभ्यानं, सुरळी हातात. पाणी वरून ओंजळीत. चांगुणानं एकदा विचारलं होतं, आपण ताटात का नाय खात गं? रंगूबाई चावता चावता म्हणाली होती, "सुरळीला ताट लागत नाय. ताट लागलं की ताटाचा मालक लागतो." तवा तिला ते गमतीचं वाटलं होतं. आता काउंटर सातशेवर होता आन् ते वाक्य कानात असं फिरत होतं की तिनं पॅडलवरचा पाय उचलला. म्हणजे मी काय केलं? केळवणाला, नटूनथटून, बांधावरचं जेवण घेऊन आले? ज्यांना ताट मिळायचं नाय त्यांचं खाणं, आन् तेबी कुणी न मागता. शेजारच्या मशीनवरून सुधानं विचारलं, "चांगुणाताई, तार संपली का?" "नाय गं. पायाला मुंग्या आल्या." सुधाच्या हाताला हळद लागल्यासारखा पिवळा रंग होता, बहुतेक स्वेटरचा. पोरगी सारखी हसत होती, लग्न ठरलेल्या पोरी हसतात तशी, कशालाबी.

दहा वाजता चहाची सुट्टी झाली. ती पॅकिंगला गेली. लहानू खोक्यांना पट्ट्या मारत होता. "खाकी कागदाची सुरळी दे," ती म्हणाली. "कशाला?" "दे म्हणले ना." त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, आन् हळूहळू त्याला कळलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "कागद मागितला होता?" "हां." "आन् आपण..." "हां." लहानूनं पट्टीचं मशीन खाली ठेवलं. मग कागदाच्या मोठ्या रिळावरून जाड कागद फर्रकन ओढला, कापला, घट्ट गुंडाळला, दोन गाठी मारल्या. इतकं घट्ट त्यानं कधीच काही बांधलं नसंल. "डबा संध्याकाळी घरी नेऊ," तो म्हणाला. "पोरगं खाईल. मी खाईन. आख्खी चाळ खाईल." "एवढ्या?" "मग काय टाकायच्या हायत?" त्याचा आवाज चढला तसा एक हमाल वळून बघायला लागला. चांगुणा कागद काखेत मारून निघाली. सुटलं, तिला वाटलं. कागद मागितला, कागद दिला. कुणाला कळणार नाय, भागीबाई विसरली असंल. सुटलं. पण सुटल्यासारखं वाटेना. मशीनवर बसली आन् उलटंच झालं, जीव आणखी आवळला. सकाळी निदान चूक होती. आता चूक दुरुस्त झाली होती, आन् दुरुस्त झाल्यावर सगळं होतं तसं राहणार होतं. पुढच्या वेळी केळी. त्याच्या पुढच्या वेळी पत्रावळी. ती म्हातारी होऊन रिटायर होईल तवा तिच्या सेंडॉफला बाकीच्या मसालेभात आणतील आन् तिला म्हणतील, चांगुणा, तू लिंबं आण हं.

साडेबाराला भोंगा झाला. मशीनं एकेक थांबली. बायांनी हात धुतले, दोन बेंचांच्या मधली जागा झाडली, चांगुणानं कागदाची सुरळी सोडली आन् तो लांबलचक अंथरला. "वा," गायधनीबाई कागदावर हात फिरवून म्हणाल्या, "छान जाड आहे गं. तुला सांगितलं की काम होतंच." ती चांगुणाला शाबासकी होती, आन् ती तिला घ्यावी लागली. मधे पाटावर सुधा. गायधनीबाईंचा मसालेभात, भागीबाईचं वांग्याचं भरीत, कुणाचं श्रीखंड, कुणाच्या पुऱ्या, कुरडया. चांगुणा कडेला बसली. आता काही करायची गरजच नव्हती. बसायचं, वाढलेलं खायचं, सुधाला नाव घ्यायला लावायचं, हसायचं. तिच्या तोंडात मसालेभाताचा घास होता, चांगला झाला होता, गायधनीबाईंचा हात चांगलाच होता, आन् तो घास तिला गिळवेना. मी हिच्या हातचं खाते. चार वर्षं खाते. हे वाक्य तिच्या मनात आलं आन् ती उठली. उठल्यावर तिला कळलं की आपण उठलोय. वाकून बेंचाखालून डबा ओढला. स्टील फरशीवर घासून किरकिरलं, सगळ्यांनी बघितलं. तिनं डबा सुधापुढं ठेवला आन् झाकण काढलं.

"अय्या!" सुधा म्हणाली. "किती गोड दिसतायत!" पोरीनं एक उचलला, वेटोळं बघितलं आन् आख्खा तोंडात टाकला. गाल फुगला. "कसल्या मस्त आहेत हो. गारेगार. कुठनं आणल्या?" आन् मग सगळ्या वाकल्या. एक म्हणाली, मेनरोडला नवं दुकान झालंय तिथं असलं काय काय मिळतं म्हणे, मुंबईसारखं. दुसरी म्हणाली, माझ्या नणंदेकडं पार्टीला होतं असं. गायधनीबाईंनी हात पुढं केला होता. "कुठल्या दुकानातल्या गं चांगुणा? आमच्याकडे मुंजीला बरं होईल." हात डब्याच्या तोंडाशी होता, दोन बांगड्या आन् एक घड्याळ. चांगुणाला सगळं एकदम दिसलं. दुकान म्हण. नुसतं दुकान म्हण. मेनरोड म्हण. सगळा डबा दोन मिनिटांत संपंल, रिकामा डबा घेऊन घरी जाशील, लहानूला म्हणशील खाल्लं बरं का सगळ्यांनी, ते खोटंबी नसंल. तिची जीभ खरंच "मे" पर्यंत गेली. ओठ मिटले ते तिला जाणवलं.

"माझ्या हातच्या हायत," ती म्हणाली. आवाज फार मोठा निघाला, मशीनं चालू असल्यासारखा. "पहाटे उठून केल्या. मी, घरी."

सुधाचा फुगलेला गाल हलायचा थांबला. पोरीनं गायधनीबाईंकडं बघितलं, त्यांच्या नात्यात जायचं होतं तिला आठ दिवसांनी. घास तसाच तोंडात. गिळायचा का काय करायचा, ते त्या डोळ्यांत इतकं उघडं दिसत होतं की चांगुणाला त्या पोरीची दया आली, आन् दया आली म्हणून रागबी. किती वेळ गेला? तुम्ही म्हणाल घटकाभर. नाय हो. एक कॉइलसुद्धा भरली नसती तेवढ्यात. मग भागीबाईनं पुऱ्यांवरून हात लांब करून दोन तुकडे एकदम उचलले. "आनि इतला वेळ बेंचखाल काय पिल्लं काढाले ठेवेल व्हतीस का वं?" ती तोंड भरून म्हणाली. कुणीतरी फसकन हसलं. सुधानं डोळे मिटून घास गिळला, औषध गिळतात तसा, आन् मग डोळे उघडून दुसरा घेतला, तो मात्र औषधासारखा नाय. चावत चावत म्हणाली, "लसूण जास्त आहे. मला आवडतो." मग आणखी दोघींनी घेतले. एकीनं घेतला आन् कागदावर बाजूला ठेवला. काहींनी घेतलेच नायत, त्या अचानक कुरडईचं कौतुक करायला लागल्या. गायधनीबाईंचा हात मागं गेला होता. त्या हातानं त्यांनी पदर सावरला. "मला आता अगदी जागा नाही गं पोटात," त्या म्हणाल्या, "पण एक घरी नेते हं. यांना दाखवते." त्यांनी अंथरलेल्या कागदाचा कोपरा फाडला, एक तुकडा दोन बोटांनी उचलला, त्यात गुंडाळला, आन् ती खाकी पुडी पर्समध्ये ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. का झाला होता ते चांगुणाला वाचता आलं नाय. भोंगा झाला.

दुपारभर तिचे हात चालले. एकबी कॉइल रिजेक्ट नाय. गायधनीबाई तिसऱ्या मशीनवर, पाठमोऱ्या, पर्स खुर्चीला अडकवलेली. यांना दाखवते म्हणजे काय? माणूस खाऊ दाखवायला नेतो का? पण पोट भरलेलं असतं माणसाचं, पन्नाशीची बाई, सकाळपासून पित्त म्हणत होती. आन् फेकायचाच असता तर घेतला कशाला? तोंडदेखला. पण तोंडदेखलं करायला तरी तिला लाज वाटली असंल ना. लाज वाटली तर ती कुणाची? ती असं विचारत गेली, तार पळत गेली. डब्यात पासष्ट तुकडे उरले होते. ते तिनं मोजले होते आन् मोजल्याचा तिला राग आला होता.

साडेचारला शिफ्ट सुटली. गेटाबाहेर स्टॉपवर ही गर्दी. पंचवटीकडची बस एका बाजूला, सिडकोची दुसऱ्या. लहानू आला, त्यानं डबा हलवून बघितला, काय ते त्याला वजनावरून कळलं. गायधनीबाई स्टॉपच्या पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या, गटाराच्या कडेला, एकट्या. चांगुणाला त्या दिसत होत्या. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला, एवढ्या गर्दीत तो आवाज तिला आला, चर्र. हात आत गेला. आन् चांगुणा वळली. कारखान्याच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. भिंतीवर चुना, चुन्यावर कुणीतरी कोळशानं बाण काढलेला. "काय बघतीस भिंतीकडं?" लहानू म्हणाला. "बस आली आपली." "येऊ दे." पुडी गटारात पडताना दिसली असती तर उद्या आठ वाजता त्या बाईच्या मागं बसायचं कसं? आन् ती खाताना दिसली असती तर? तर आयुष्यभर उपकार मानले असते, एका बाईनं एक घास चावला म्हणून. ते तर तिला त्याहून नको होतं. तिनं सांगायचं ते सांगून झालं होतं. बाकीचं त्या बाईचं त्या बाईला. भिंतीच्या चुन्याचा वास येत होता, पाठीमागं पंचवटीची बस थांबली, दारं आपटली, निघून गेली. मग ती वळली. दुसऱ्या दिवशी गायधनीबाई म्हणाल्या, "छान झाल्या होत्या हं," आन् चांगुणा म्हणाली, "हां," आन् मशीन चालू केलं.

तर माझं एवढंच मागणं हाय तुमच्याकडं. त्या स्टॉपवर त्या दिवशी लय माणसं होती, कोण जाणे, तुम्हीबी असाल. ती खाकी पुडी तोंडाकडं गेली का गटाराकडं गेली, हे तुम्ही बघितलं असंल, तर बघितलं ते बघितलं. चांगुणा कुठं भेटली तर तिला सांगू नका. आन् मलाबी नको.